केस उपटण्याचा आजार आणि गावातली बैठक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावती या पट्ट्यातल्या गावांमध्ये आम्ही काही आशाताई, शिक्षक आणि समुपदेशक मिळून केस उपटण्याच्या आजारावर बैठका घेतो. बैठकीत आणि त्याहून जास्त बैठक उठल्यावर जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही लेकरांच्या आयांचे आहेत, काही स्वतः केस उपटणाऱ्यांचे, तर काही आपल्या गावात अशी बैठक घ्यायची इच्छा असणाऱ्यांचे.

घाईत असाल तर एवढं वाचा. लेकरू हे मुद्दाम करत नाही. त्याला मारू नका, चारचौघांत बोलू नका, डोक्याला बिबा लावू नका. ते केस गिळत असेल आणि पोट दुखत असेल, उलट्या होत असतील, तर आजच दवाखान्यात न्या. बाकी कशासाठीही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या नंबरवर फोन करता येतो. फोन फुकट लागतो आणि मराठीतून बोलता येतं.

हा आजार आहे तरी काय?

स्वतःचेच केस पुन्हा पुन्हा उपटणं, त्यामुळे तिथले केस विरळ होणं किंवा चट्टा पडणं, आणि "आता नाही करायचं" असं कितीदा ठरवलं तरी हात न थांबणं. डॉक्टर याला ट्रायकोटिलोमॅनिया म्हणतात. हे नाव आलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८८९ साली दिलं. "मोबाइल आले तेव्हापासून हे असलं सुरू झालं" असं बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच, म्हणून हे साल आम्ही आवर्जून सांगतो.

डोक्याचे केस सगळ्यात जास्त उपटले जातात. त्याखालोखाल भुवया आणि पापण्या. पुरुषांमध्ये दाढी-मिशी, काहींमध्ये हातापायांचे किंवा अंगावरचे इतर केस. काही जणांचा हात नकळत जातो. अभ्यास करताना, टीव्ही पाहताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर हात डोक्यात असतो आणि उशीवर केस दिसले की मग कळतं. दुसऱ्या तऱ्हेत माणूस जाणूनबुजून एखादा जाडसर, खरखरीत, वेगळा लागणारा केस शोधतो आणि तोच उपटतो. बहुतेकांमध्ये दोन्ही तऱ्हा असतात.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली केलेल्या वर्गीकरणात हा आजार मंत्रचळाच्या (नको असताना तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजाराच्या) जवळच्या गटात ठेवला आहे. त्याच गटात स्वतःची कातडी ओरबाडण्याचा आजारही आहे. याचा अर्थ केस उपटणारं माणूस वेडं आहे असा होत नाही. ते शेतात राबतं, दहावीला चांगले मार्क घेतं, घर सांभाळतं आणि केसही उपटतं.

उपटताना दुखत नाही का?

पुष्कळ जण सांगतात की दुखत नाही, उलट बरं वाटतं. आधी एक अस्वस्थता साठत जाते, केस निघाला की ती क्षणभर उतरते आणि लगेच लाज वाटते. त्या लाजेनं पुन्हा अस्वस्थता येते. पापणी उपटताना मात्र काहींना दुखतं, तरी हात थांबत नाही.

ही खोड आहे. दोन चापट्या दिल्या की सुटेल ना?

सुटत नाही. हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणारे आईबाप वाईट नसतात, घाबरलेले असतात. पोरीच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा दिसतो, शेजारीण विचारते, सासू म्हणते "काहून वं, लेकराच्या डोक्याकडे पाहत नाही का?", आणि आईचा हात उठतो.

पण खाज सुटली की हात आपोआप जातो, तशी इथे आतून ओढ येते. माराने ती ओढ कमी होत नाही. लेकरू एवढंच शिकतं की हे लपून करायचं. मग न्हाणीघरात, गोठ्यात, पांघरुणाखाली होतं आणि तुम्हाला कळायचं बंद होतं. घरात ताण वाढला की अनेकांचं उपटणंही वाढतं, म्हणजे चापटीने नेमकं उलटं घडतं.

"इच्छाशक्ती नाही" हेही खरं नाही. यातल्या बहुतेकांनी स्वतःहून थांबायचा प्रयत्न केलेला असतो, तोही एकदा नाही. प्रयत्न करून न जमणं ही या आजाराच्या निदानातलीच एक खूण आहे.

कुणाला होतो? लहान मुलांना की मोठ्यांना?

बहुधा दहा ते तेरा वर्षांच्या आसपास, वयात येताना सुरू होतो. वेगवेगळ्या देशांत झालेल्या पाहण्यांमध्ये शंभरात साधारण एक ते दोन माणसांना हा त्रास असल्याचं दिसतं. हे प्रमाण धरलं तर हजार-दीड हजार वस्तीच्या गावात दहा-पंधरा माणसं सहज निघतील. तरी गावात विचारलं तर उत्तर येतं, "आमच्याकडे असं कोणी नाही."

दवाखान्यात येणाऱ्या मोठ्या माणसांत बायका जास्त असतात. पुरुष टक्कल म्हणून खपवतात, दाढी सफाचट करतात, टोपी घालतात आणि दवाखान्यात येत नाहीत, हेही त्यामागचं एक कारण आहे. लहानपणी मुलं आणि मुली यांच्यात फारसा फरक दिसत नाही.

अगदी लहान, पाच वर्षांच्या आतली लेकरं अंगठा चोखताना केस ओढतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं ते आपसूक थांबतं. डॉक्टरांना दाखवा, पण जीव घाबरा करून घेऊ नका.

कारण एक नाही. काही घराण्यांत हा त्रास आणि मंत्रचळ जास्त दिसतात, म्हणजे अंगभूत कल असतो. त्यावर ताण, चिंता, एकटेपणा, रिकामे हात यांची भर पडते. कुणाच्या संस्कारात काही कमी पडलं म्हणून हा आजार होत नाही.

शेगावकडे लोकांचे केस गेले होते, ते हेच का?

नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलडाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळायला लागले. थोड्या दिवसांत टक्कल पडत होतं. पाण्याचे, रक्ताचे नमुने गेले, आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचं पथक आलं, गव्हातल्या आणि रक्तातल्या सेलेनियमची चर्चा झाली. तिथे केस आपोआप गळत होते आणि एका घरात अनेकांचे गळत होते.

इथे केस हाताने उपटले जातात. हे संसर्गाने पसरत नाही, पाण्याने होत नाही, एका कंगव्याने होत नाही. तरीही हा प्रश्न आम्ही बैठकीत सुरुवातीलाच घेतो. त्या घटनेनंतर पश्चिम विदर्भात डोक्यावर चट्टा दिसला की लोकांना भीती वाटते, आणि चट्टा असलेल्या मुलीच्या शेजारी बाकावर बसायला वर्गातली मुलं तयार होत नाहीत. तिच्या शेजारी बसल्याने काहीही होत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकावं.

मग ही चाई आहे, गजकर्ण आहे की हे, ओळखायचं कसं?

घरच्या घरी पक्कं ओळखता येत नाही, पण अंदाज येतो. चाईचा चट्टा बहुधा गोल आणि गुळगुळीत असतो, कातडी स्वच्छ दिसते. डोक्यातल्या गजकर्णात खवले येतात, खाज सुटते, कधी पू होतो, आणि तो एका लेकरापासून दुसऱ्याला होऊ शकतो. उपटलेल्या जागेचा आकार वेडावाकडा असतो. तिथे पूर्ण टक्कल क्वचितच दिसतं. हात फिरवला की कमी-जास्त लांबीचे, तुटके केस टोचतात. जागाही बहुधा हात सहज पोचेल अशी असते : टाळू, कानाच्या वरची बाजू.

म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणं, थायरॉइड, बाळंतपण, मोठा ताप या सगळ्यांनी केस जातात. मूल "मी नाही उपटत" म्हणालं म्हणजे ते खोटारडं ठरत नाही. त्याला खरंच कळत नसेल किंवा सांगायची भीती वाटत असेल. त्वचेच्या डॉक्टरांकडे केस मोठे करून पाहायचं भिंग असतं, त्यातून केस गळाला की तुटला याचा चांगला अंदाज येतो. लेकराची उलटतपासणी घेण्यापेक्षा हे बरं.

पोरगी उपटलेले केस तोंडात घालते. हे धोक्याचं आहे का?

हो. या पानावर सगळ्यात गंभीरपणे घ्यायची गोष्ट हीच.

सगळेच केस गिळत नाहीत. काही नुसते ओठांवरून फिरवतात, काही मुळाकडचा भाग चावतात. पण जे गिळतात त्यांच्या पोटात केस पचत नाहीत. ते जठरात साठत जातात आणि वर्षानुवर्षांनी त्यांचा घट्ट गोळा होतो. कधी त्याचं शेपूट खाली आतड्यातही उतरतं. पोट दुखणं, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं होणं, उलट्या, वजन घटणं, रक्त कमी होणं, बेंबीच्या वर हाताला टणक गोळा लागणं ही त्याची लक्षणं. मोठा गोळा बहुधा ऑपरेशन करूनच काढावा लागतो. आतड्याला अडथळा झाला किंवा छिद्र पडलं तर जीवावर बेततं.

दवाखान्यात गेल्यावर "ही केस खाते" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजेपायी आया हे सांगत नाहीत, मग पोटदुखीवर जंताच्या, ॲसिडिटीच्या गोळ्या मिळत राहतात. आणि ऑपरेशन झालं म्हणजे काम संपलं असं नाही. मूळ आजारावर उपचार झाले नाहीत तर गोळा पुन्हा होऊ शकतो.

बाहेरचं तर नसेल? जाणत्याला दाखवलं तर चालेल का?

बाहेरचं नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्या माउलीला बैठकीत कुणी हसलं, तर ती पुन्हा येत नाही आणि तिची लेकही येत नाही. देवाला हात जोडा, नवस बोला, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. अंगारा लावून दवाखान्यात गेलात तरी चालेल. दवाखाना चुकवू नका.

उपचाराच्या नावाखाली मारहाण, चटके, धुरी, उपाशी ठेवणं असं काही होत असेल तर ते सहन करायचं कारण नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि असे अघोरी प्रकार त्यात गुन्हा आहेत.

काही जण जट आणि हा आजार एकच समजतात. जट म्हणजे न विंचरल्याने केस एकमेकांत गुंतून घट्ट झालेले असतात. त्याचा याच्याशी संबंध नाही.

टक्कल केलं तर सवय मोडेल का? बिबा, लसूण, कांद्याचा रस?

टक्कल केल्यावर काही आठवडे हाताला केस लागत नाहीत, एवढंच. केस वाढले की हात परत जातो, किंवा मधल्या काळात भुवयांकडे वळतो. वयात आलेल्या मुलीचं जबरदस्तीने टक्कल केलं तर ती शाळाच सोडते. तिला स्वतःहून केस बारीक ठेवायचे असतील तर गोष्ट वेगळी, तो तिचा निर्णय.

बिब्याबद्दल कळकळीने सांगतो : लावू नका. बिब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते आणि मुळं जळली तर तिथे कायमचे केस येत नाहीत. लसूण घासल्यानेही कातडी पोळते. इथे केसाचं मूळ बिघडलेलं नसतं, त्यामुळे वरून लावायच्या कुठल्याही गोष्टीने मूळ प्रश्न सुटत नाही. खोबरेल तेल लावायला हरकत नाही. तेलकट केस बोटात धरवत नाहीत म्हणून काहींना त्याची थोडी मदतही होते.

यावर उपचार आहे का?

आहे. सगळ्यात चांगला परिणाम दिसलेला उपचार बोलण्यातून आणि सरावातून होतो. १९७३ साली अझ्रिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी सवय उलटवण्याची पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे आणि गावात समजावून सांगायला सोपी आहे.

पहिलं काम म्हणजे हात कधी जातो हे पकडणं. कोणता हात, कोणत्या वेळी, कुठे बसल्यावर, मनात काय चाललेलं असताना. वहीत खुणा करायच्या. एखाद्या मुलीच्या लक्षात येतं की हे दुपारी घरी कुणी नसताना होतं, एखाद्या बाईच्या लक्षात येतं की रात्री नवरा येण्याची वाट पाहताना होतं. दुसरं काम, ओढ आली की हाताला असं काही करायला लावायचं की त्याच वेळी केस धरता येणार नाहीत. मूठ घट्ट आवळून मिनिट-दोन मिनिटं धरायची, ओढ ओसरेपर्यंत. ओढ ओसरते, हा अनुभव पहिल्यांदा आला की माणसाला हिंमत येते. तिसरं, घरातल्या एकाने साथ द्यायची.

त्याच्या जोडीला परिस्थिती थोडी बदलायची. बोटांच्या टोकांना चिकटपट्टी, अभ्यासाला बसताना डोक्याला रुमाल, चिमटा आणि छोटा आरसा नजरेआड. आपल्याकडे कापसाची वाण नाही, त्यामुळे संध्याकाळी टीव्ही पाहताना वाती वळायला घेणं हा बायकांना पटकन पटणारा उपाय आहे. तुरीच्या शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, पोरांसाठी मऊ चेंडू दाबणं हेही चालतं. हात गुंतले पाहिजेत आणि बोटांना काहीतरी जाणवलं पाहिजे.

खास याच आजारासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. उदासी किंवा चिंता सोबत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ त्यावर औषध देतात आणि त्याने एकूण बरं वाटू शकतं. एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाचा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांना फायदा झाला. २०१३ च्या मुलांवरच्या अभ्यासात ते औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणून यूट्यूबवर पाहून औषध आणू नका, डॉक्टर ठरवतील.

उपचार चालू असताना मधेच पुन्हा चट्टा पडू शकतो. परीक्षा, घरात मयत, नापिकी, भांडण यांनी असं होतं. आधीचं सगळं वाया गेलं असं समजू नका.

विदर्भात जायचं कुठे? नागपूरलाच जावं लागतं का?

नाही. आधी गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. रक्ताची तपासणी, गजकर्ण आहे का हे तिथेही पाहता येतं. त्यापुढे जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नागपुरात मेडिकल आणि मेयो आहेत, वर्ध्याजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. तिथे मानसोपचार आणि त्वचारोग असे दोन्ही विभाग एकाच आवारात असल्याने एका फेरीत काम होतं. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतात, तिथे समुपदेशक भेटतात.

एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी हा खरा अडथळा आहे. म्हणून पहिलं पाऊल फोनवरून टाकायला सांगतो. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र. तिथे नाव सांगायची सक्ती नाही.

"मेंटलच्या दवाखान्यात गेली" अशी चर्चा होईल ही भीती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त राखणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. शिवाय त्वचेच्या ओपीडीपासून सुरुवात करायला कुणाची हरकत नसते.

घरच्यांनी काय करावं?

हात डोक्यात गेला की ओरडू नका. लेकराशी आधी ठरवून एक खूण ठेवा, खांद्याला हलका स्पर्श किंवा पाण्याचा ग्लास पुढे करणं. रोज चट्टा मोजू नका. केस किती आले यापेक्षा "आज वहीत खूण केलीस ना" एवढं विचारा. पाहुण्यांसमोर विषय काढू नका, आणि कुणी काढला तर तुम्हीच तो बदला. आजी घरात असेल तर तिला वेगळं बसवून समजावा. तिने एकदा मनावर घेतलं की दिवसभर लेकराजवळ तीच असते.

गावात बैठक केव्हा आणि कुठे ठेवावी?

या आजाराचा जागृती आठवडा जगभर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात असतो. आपल्याकडे तेव्हा सोयाबीन काढणीची घाई असते, पुढे कापूस वेचायला येतो. त्या तारखेला बैठक ठेवली तर समोर सरपंच आणि चार म्हातारे बसतील. आम्हाला सगळ्यात चांगली वेळ वाटते ती संक्रांतीनंतर, रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवाची. बायका येतातच, घाई नसते, पुरुष नसल्याने मोकळं बोलता येतं. विधवा बायकांनाही आग्रहाने बोलवा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाचं वेळापत्रक वेगळं, रोवणी आणि कापणी सोडून पाहा. झाडीपट्टीत गावात रात्री नाटक असेल त्या दिवशी तर मुळीच नको.

पुरुषांसाठी वेगळी जागा लागते. ज्या गावात संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तिथे प्रार्थनेनंतर दहा मिनिटं मागून घ्या. लोक शांत बसलेले असतात आणि आपल्याच माणसांत असतात. बचत गटाची मासिक सभा, अंगणवाडीतली मातांची बैठक हेही चालतं. ग्रामसभा टाळा. तिथे घरकुल, पाणी, रस्ता यांची भांडणं असतात आणि या विषयाचा चेष्टेत बळी जातो.

पत्रिकेवर किंवा दवंडीत "केस उपटण्याच्या आजाराची बैठक" असं सांगू नका. ज्याला त्रास आहे तो तेवढ्यानेच घरी राहील, कारण गेलं तर लोक म्हणतील की याला आहे. "केसांचं आणि मनाचं आरोग्य" म्हणा. केस गळती, उवा, कोंडा, रक्त कमी असणं यापासून सुरुवात करा, कारण त्यात प्रत्येकीला रस असतो, आणि त्यातून या आजारावर या. अर्धा तास बोलणं, पाऊण तास प्रश्न. वऱ्हाडी बोलणाऱ्या गावात वऱ्हाडीतच बोला. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणारी आशाताई सोबत हवी, नुसता दुभाषी म्हणून नको, तिनेच बोलावं.

बैठकीत पेशंटला उभं करून अनुभव सांगायला लावावा का?

गावातल्या माणसाला कधीच नाही, त्याची तयारी असली तरी. बैठक तास-दोन तासांत संपते, त्याला त्या गावात आयुष्य काढायचं असतं. बाहेरगावचं, प्रौढ, बरं होत असलेलं, स्वतःहून पुढे आलेलं माणूस बोलणार असेल तर त्याचा परिणाम डॉक्टरांच्या भाषणापेक्षा मोठा असतो. त्यालाही आधी सांगून ठेवा की कोणत्याही प्रश्नाला "हे मी सांगणार नाही" म्हणता येतं.

"ज्यांना असा त्रास आहे त्यांनी हात वर करा" हे विचारू नका. कुणाच्या डोक्याकडे टक लावून पाहू नका. बैठकीचं काम पेशंट शोधणं हे नाही. लपवणाऱ्या माणसाला कोपऱ्यात बसून, कुणाला न कळता, आपल्या त्रासाला नाव आहे आणि त्यावर इलाज आहे हे ऐकता यावं, एवढ्यासाठी ती आहे. आमच्या मते सगळ्या बैठकीची आखणी त्या कोपऱ्यातल्या एका माणसाकडे पाहून करावी.

बैठकीचे फोटो ग्रुपवर टाकायचे का?

बोलणाऱ्याचा टाका, ऐकणाऱ्यांचे नाही. चट्ट्यांचे जवळून काढलेले फोटोही पोस्टरवर नकोत. ते पाहून लोक शिसारी घेतात, आणि काही केस उपटणाऱ्यांची ओढ अशी चित्रं पाहून चाळवते. हाताने काढलेलं साधं चित्र पुरतं.

शाळेत आणि वसतिगृहात काय करावं?

सहावी ते नववी हे वय महत्त्वाचं. शाळेत मुलांशी बोलण्याआधी शिक्षकांशी बोला, नाहीतर दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्या मुलीचं नाव घेतलं जातं. तिला स्कार्फ किंवा टोपी घालू द्या, दोन घट्ट वेण्यांचा नियम तिच्यापुरता सैल करा. घट्ट वेणीत भांग उघडा पडतो आणि चट्टा दिसतो. चिडवणाऱ्यांना समज द्या, पण त्या मुलीसमोर उभं करून नाही.

आश्रमशाळेत आणि वसतिगृहात मुलं घरापासून दूर असतात, रात्री एकटी पडतात. तिथे गृहपाल ताई-दादांना हा आजार माहीत असणं शिक्षकांइतकंच गरजेचं आहे, कारण सकाळी उशीवरचे केस त्यांनाच दिसतात. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

बैठक संपल्यावर एखादी बाई थांबली तर काय बोलायचं?

बहुधा ती म्हणते, "माह्या बहिणीच्या पोरीचं असंच हाय." बहिणीची पोर आहे की स्वतःची, की ती स्वतःच, हे विचारू नका. बहिणीच्या पोरीबद्दलच बोला. ऐकून घ्या, दवाखान्याच्या पत्त्याची चिठ्ठी द्या, केस गिळते का तेवढं विचारा. ती डोक्यावरचा पदर काढून दाखवायला लागली तर आडोशाला जा.

कुणी "जगण्यात अर्थ नाही" अशा बोलण्यापर्यंत आलं तर त्याला एकटं सोडू नका. तिथूनच १४४१६ लावा आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सोबत घ्या. आपल्या भागाला याची गरज किती आहे ते वेगळं सांगायला नको.

केस परत येतात का?

उपटणं थांबलं तर बहुतेकांचे येतात. काही महिने लागतात, सुरुवातीला पोत वेगळा असू शकतो. एकाच जागी वर्षानुवर्षं उपटलं गेलं असेल तर मुळं निकामी होऊन तिथे केस विरळच राहू शकतात. म्हणून लवकर सांगितलेलं बरं.

पोरीचं लग्न जमेल का?

जमतं. पण हा प्रश्न पोरीसमोर विचारू नका.

आमच्या गावात बैठक घ्यायची आहे. सुरुवात कुठून करू?

आशाताईपासून. तिला घराघराची माहिती असते आणि बायका तिच्याशी बोलतात. तिच्यासोबत उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य पथकाला लेखी विनंती करा, कुणी यायला तयार असेल तर त्यांच्या सोयीची तारीख घ्या. नाही आलं तरी बैठक घेता येते, तेव्हा उपचार सांगत बसू नका, ओळख आणि पत्ता द्या.

बैठकीआधी दोन कामं उरकून ठेवा. १४४१६ वर स्वतः फोन करून पाहा, म्हणजे पलीकडून काय विचारतात ते लोकांना सांगता येईल. जवळच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी आणि किती वाजता असते, खोली कोणती, एसटी किती वाजता, हे विचारून एका छोट्या चिठ्ठीवर छापा. चिठ्ठ्या गावातल्या घरांपेक्षा थोड्या जास्त काढा आणि दारोदार सगळ्यांना वाटा. बैठकीत टेबलावर ठेवल्या तर कुणी उचलली हे दिसतं. घरात आलेल्या चिठ्ठीबद्दल कुणी कुणाला विचारत नाही.